खोटं कुणाच्या डोक्यावर पडतं

अनसूयाबाई बीडकर वर्गात कधी छडी घेऊन गेल्या नाहीत आणि आवाजही त्यांनी कधी चढवला नाही. उलट वाक्याचा शेवट त्या हळू करायच्या. तो ऐकायचा तर गप्प बसावं लागायचं, आणि मागच्या ओळीतल्या दंगेखोर मुलीसुद्धा त्यासाठी गप्प बसायच्या. बाई ठेंगण्या होत्या, सावळ्या होत्या, चालताना किंचित पुढं झुकायच्या. रस्त्यानं कुणी त्यांच्याकडं दोनदा बघितलं नसतं.

वडील निजामाच्या अमदानीत अदालतीत मुन्शी होते. घरात मराठी, बाहेर उर्दू, आणि बाजारात दोन्हीचं जे काही होतं ते, अशी बाईंची जीभ तिन्ही अंगांनी तयार झाली होती. शेजारच्या मेहरुन्निसा आपा शाळेत उस्तानी होत्या, त्यांनीच अनसूयाबाईंना उर्दू लिहायला शिकवली. पुढं पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं. शाळांच्या फळ्यांवरची अक्षरं उजवीकडून डावीकडं जायची, ती डावीकडून उजवीकडं जायला लागली. मराठी शिकवू शकणाऱ्या बायका शोधून शोधून बोलावल्या जात होत्या. मॅट्रिक झालेल्या अनसूयाबाईंना शहागंजात चमन बागेच्या मागच्या बोळात, काकासाहेब नावाच्या जमीनदारांनी चालवलेल्या संस्थेच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली. तिसरीचा वर्ग मिळाला आणि तो त्यांच्याकडंच राहिला.

हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, त्या सुमाराची ही हकीकत.

झालं असं की शिवणाच्या तासाला द्वारका नावाच्या मुलीनं रुमालावर पोपट भरला होता. द्वारकाचे आईबाप पैठणकडचे, दोन वर्षांमागं शहरात आलेले. पोरीनं घरी आईच्या मांडीशी बसून, चिमणीच्या उजेडात डोळे फोडून तो पोपट काढला होता. रुमाल हातोहात वर्गात फिरला. तो सारजाच्या हातात आला तेव्हा ती म्हणाली, "ह्यो पोपट नाय, कावळा हाय. त्यो बी आजारी." सगळा वर्ग हसला. द्वारकानं रुमाल ओढून घेतला, दातांनी धरून टर्रकन फाडला आणि खिडकीतून फेकून दिला.

बाईंनी सारजाला उभं केलं. सारजाचा चेहरा निर्मळ होता. तिनं फळ्याकडं बोट दाखवलं. तिथं सकाळीच बाईंच्या अक्षरात सुविचार लिहिलेला होता, 'नेहमी खरे बोलावे.'

"बाई, तुमीच लिवलंय की," सारजा म्हणाली.

दुसऱ्या एखाद्या बाईंनी दोन धपाटे घालून प्रश्न मिटवला असता. अनसूयाबाईंनी "उद्या सांगते" म्हटलं आणि त्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या त्या सुविचार पुसूनच बोलायला लागल्या.

"काल मी अर्धंच लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "खरं बोलावं हे खरंच. पण प्रत्येक खरं बोलून दाखवलंच पाहिजे असं नाही. आणि प्रत्येक खोटं सारखं नसतं. एक खोटं माणसाच्या अंगावर पांघरूण घालतं. दुसरं खोटं दुसऱ्याच्या अंगावरचं पांघरूण ओढून घेतं. आज आपण आपल्या घरातली खोटी गोळा करू आणि त्यांचे दोन ढीग लावू."

मुलींना हे फारच आवडलं. घरातलं खोटं सांगायची परवानगी त्यांना आजवर कुणी दिली नव्हती. एक म्हणाली, आजीला साखर घातलेला चहा चालत नाही, तर आई साखर संपली म्हणून सांगते. दुसरी म्हणाली, धाकट्या भावानं मांडलेल्या दगडांच्या गणपतीला आम्ही सगळे खरोखरचा गणपती म्हणतो. तिसरी म्हणाली, काका घरात असतात आणि बाहेर आलेल्या माणसाला सांगायला लावतात की गावाला गेलेत. त्यावर बरीच वादावादी झाली. तो बाहेरचा माणूस उन्हातून आला असेल तर त्याच्या हेलपाट्याचं काय, असं कुणीतरी विचारलं, आणि काकांचं खोटं दुसऱ्या ढिगात गेलं.

मग द्वारका उठली. "आय म्हणती माझं जेवान झालं. पर झालेलं नसतं."

हे कुठल्या ढिगात घालावं ते कुणालाच कळेना. बाईंनाही नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "हे खोटं तुझ्या आईनं स्वतःच्या डोक्यावर घेतलंय. तसं घ्यायचा तिला हक्क आहे. पण तू आता मोठी झालीस. तू म्हण, आई, माझ्या ताटात बस." आणि त्यांनी पुढचं सांगितलं. "एवढंच बघायचं मुलींनो. खोटं बोलायची पाळी आली की विचारायचं, हे कुणाच्या डोक्यावर पडतंय? ज्याच्यावर पडतंय त्याच्या समोर उभं राहून मला हे बोलता येईल का? येत असलं तर बोला. नसलं येत तर जीभ आवरा."

त्या वर्गात काकासाहेबांची नातही होती. प्रमोदिनी तिचं नाव. दोन वेण्या, इस्त्रीचा फ्रॉक, पाढे तोंडपाठ. तिनं घरी जाऊन आजोबांना दोन ढिगांची गोष्ट सांगितली. काकासाहेब हसले आणि दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना म्हणाले, "तुमच्या बाई पोरींना खोटं शिकवतात म्हणे." तेव्हा ते चेष्टेतच म्हणाले होते.

काकासाहेबांबद्दल सांगायचं तर माणूस वाईट नव्हता. घरची मोठी जमीन होती, मुलींनी शिकावं असं त्यांना मनापासून वाटायचं, आणि नातेवाइकांना नाही म्हणणं त्यांना जमत नसे. शाळेची नवी खोली बांधायची निघाली तेव्हा काम त्यांनी आपल्या मेहुण्याला दिलं. मेहुण्यानं खोली उन्हाळ्यात उभी केली. जूनमध्ये तिथं तिसरीचा वर्ग बसायला लागला. अनसूयाबाईंनी नकाशा टांगायला भिंतीत खिळा ठोकला, तर तळहाताएवढा गिलावा पायाशी पडला आणि मागून नुसती वाळू गळत राहिली. त्यांनी हेडमास्तरांना बोलावून दाखवलं. हेडमास्तर बद्रीनाथराव म्हणाले, "वरून चुन्याचा हात मारून घेऊ." तो मारलाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका दुपारी त्या खोलीची बाहेरची भिंत पडली. मधली सुट्टी होती. मुली सावलीला बसून डबे खात होत्या. आवाज फार मोठा झाला नाही. पोतं टाकल्यासारखा धप्प आवाज आला आणि धुळीत काही दिसेना. बाकीच्या मुली पळाल्या, द्वारकाचा पाय खाली सापडला. तिच्याकडं सगळ्यात आधी धावली ती चतुराबाई. मुलींना सकाळी घरोघर जाऊन गोळा करायचं, संध्याकाळी पोचवायचं, मधल्या वेळात पाणी भरायचं आणि झाडलोट करायची, हे तिचं काम. तिनं नखं मोडेस्तोवर दगड उपसले, पोरीला पाठीशी मारली आणि पळत दवाखान्यात नेली. पाय गुडघ्याखाली दोन जागी मोडला होता. जीव वाचला.

बातमी वर्तमानपत्रात आली नाही, पण शिक्षण खात्याला कळली. शाळा तपासणारे डिप्टीसाहेब चौकशीला येणार असा हुकूम आला. त्याच्या आदल्या आठवड्यात हेडमास्तरांनी अनसूयाबाईंना आपल्या खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं.

"बसा अनसूयाबाई," ते म्हणाले. "तुम्ही समजदार आहात म्हणून तुमच्याशी आधी बोलतो. साहेब मुलींना विचारणार. मुलींनी एवढंच सांगायचं की आम्ही भिंतीवर चढून उड्या मारत होतो आणि चतुराबाईनं आम्हाला अडवलं नाही. बास."

"कुणी चढलं नव्हतं."

"मला माहीत आहे."

बद्रीनाथराव पुढं वाकले. ते गरीब स्वभावाचे गृहस्थ होते आणि हे बोलताना त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"भिंत कच्ची होती असं कागदावर आलं तर ग्रँट बंद होईल. काकासाहेब हात काढून घेतील. शाळेला कुलूप लागेल. दोनशे मुली घरी बसतील, त्यातल्या निम्म्यांची दोन वर्षांत लग्नं लावतील. हे सगळं एका वाक्यानं टळतं. चतुराबाईचं काय, तिला काकासाहेब आपल्या मळ्यावर ठेवून घेतायत. तिलाही विचारलंय, ती तयार आहे. मग यात कुणाचं काय बिघडतं? तुम्हीच ना मुलींना सांगता, पांघरूण घालणारं खोटं चालतं म्हणून? हे त्यातलंच समजा."

बाईंच्या मनाला लागलं ते हेच. आपलाच धडा कुणी उलटा धरून आपल्याला वाचून दाखवावा तसं झालं. आणि खरं सांगायचं तर दोनशे मुलींचा मुद्दा त्यांना खोडता आला नाही. "विचार करते," एवढंच म्हणून त्या उठल्या.

घरी त्यांनी नवऱ्याच्या कानावर घातलं. अनंतराव कलेक्टर कचेरीत कारकून होते. पापभीरू माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ते म्हणाले, "अगं, आपल्याला काय करायचंय? तू काही बोलू नकोस. मुलींना हेडमास्तर शिकवतील काय शिकवायचं ते. तू गप्प राहा, म्हणजे खोटं बोलल्याचं पापही नाही आणि वैरही नाही."

"गप्प राहणं म्हणजे काय अहो, दुसऱ्याच्या तोंडानं बोलणंच," बाई म्हणाल्या. अनंतरावांनी पान जुळवायला घेतलं. ते अडचणीत आले की पान जुळवत.

दुसऱ्या दिवशी बाई चतुराबाईला गाठायला तिच्या खोलीवर गेल्या. चतुराबाई दारात बसून तांदूळ निवडत होती. हातांच्या बोटांना अजून चिंध्या गुंडाळलेल्या होत्या.

"तुम्ही हो म्हणालात म्हणे," बाईंनी विचारलं.

"म्हनले व्हय. काय करू बाई? मास्तर हात जोडून उभं राहिलं. म्हनलं, घेते मी डोक्यावर. माझं काय जातंय, एकलीचा जीव." चतुराबाई तांदळात बोटं फिरवत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "पर बाई, बोलनं आधीच बाहेर फुटलंय. काल नळावर द्वारकीची माय भेटली. दगडाबाई. माझी लई जिवाची. माझ्या घागरीला तिची घागर लागली, तर तिनं आपली घागर ओतून दिली अन् पुन्यांदा घासली. म्हनली, माझ्या लेकीचा पाय मोडनारीचं पानी नगं मला."

"तुम्ही सांगितलं नाही तिला?"

"कबूल झाल्यावर कसं सांगू? शब्द दिला ना."

अनसूयाबाईंना जे हवं होतं ते त्या ओतलेल्या घागरीनं दिलं. दोनशे मुलींचं ओझं मनावर होतं तिथंच होतं. पण हे खोटं कुणाच्या डोक्यावर पडतंय ते आता नुसतं कळत नव्हतं, दिसत होतं. आणि ज्या पोरींना ही बाई रोज हात धरून रस्ता ओलांडून आणते, त्याच पोरींच्या तोंडून ते तिच्यावर टाकायचं होतं.

शाळेत आल्यावर त्यांनी तिसरीच्या वर्गाचं दार उघडंच ठेवलं. भिंत पडल्यापासून वर्ग व्हरांड्यालगतच्या जुन्या खोलीत भरत होता, आणि तिथलं बोलणं हेडमास्तरांच्या टेबलापर्यंत जात असे. बाईंनी फळ्यावर ते वाक्य लिहिलं. 'आम्ही भिंतीवर चढून खेळत होतो आणि चतुराबाईने आम्हाला अडवले नाही.'

"मुलींनो," त्या म्हणाल्या, "हे वाक्य तुमच्याकडून पाठ करून घ्या असं मला सांगितलंय. वाचून झालं का? मी हे पाठ करून घेणार नाही." आणि त्यांनी फळा पुसला. "साहेब येतील, तुम्हाला विचारतील. काय सांगायचं ते मी सांगणार नाही. खरं बोला असंही नाही सांगणार. मला सांगायचं होतं ते मागंच सांगून झालंय. आता भूगोल काढा."

बद्रीनाथराव दारात येऊन उभे होते. त्यांनी बाईंकडं बघितलं, बाईंनी त्यांच्याकडं. बाईंनी गोदावरी कुठं उगम पावते ते विचारलं आणि तास सुरू केला.

मग हेडमास्तरांनी पाठांतर स्वतःकडं घेतलं. वर्गातल्या चारसहा चांगल्या मुली निवडून त्यांना ते रोज आपल्या खोलीत बोलावू लागले. पहिला मान अर्थात प्रमोदिनीचा. तिचे पाढे कधी चुकत नव्हते.

डिप्टीसाहेब आले ते सायकलवर. उंच, वाळके गृहस्थ, पँटच्या पायाला चिमटा लावलेला. काकासाहेब शेरवानी घालून आले होते. हेडमास्तरांच्या खोलीत टेबल मांडलं, चहा झाला. साहेब म्हणाले, ती चपराशीण कुठाय, तिलाही इथंच उभं करा. चतुराबाई येऊन भिंतीशी उभी राहिली, पदर डोक्यावरून नीट ओढलेला. अनसूयाबाई वर्गशिक्षिका म्हणून दाराशी होत्या.

प्रमोदिनीला पुढं केलं. हात मागं बांधून, बक्षीस समारंभात कविता म्हणायला उभी राहावी तशी ती उभी राहिली.

"आम्ही भिंतीवर चढून खेळत होतो," ती म्हणाली, "आणि चतुराबाईने आम्हाला."

तिथं ती थांबली. साहेबांना वाटलं दम घेतेय. हेडमास्तर हळूच म्हणाले, "अडवले." काकासाहेब प्रेमानं म्हणाले, "म्हण बाळ, येतं ना तुला."

"येतं," प्रमोदिनी म्हणाली. "पण चतुरामावशी इथं उभी आहे."

"मग?"

"ती समोर असताना नाही म्हणता येत."

डिप्टीसाहेबांनी चष्मा काढला. "तिला बाहेर पाठवू का?"

प्रमोदिनीनं विचार केला. "बाहेर गेली तरी ती असणारच ना," ती म्हणाली आणि रडायला लागली. चतुराबाई पुढं आली नाही, पण तिचा हात आपोआप उचलला गेला आणि तसाच राहिला.

साहेबांनी दुसरी मुलगी बोलवायला सांगितली. दाराशी मुलींचा घोळका जमला होता, त्यातून बोलावण्याची वाट न बघता सारजाच आत आली. तिला कुणी पाठ दिलेलाच नव्हता.

"आमी सावलीत भाकर खात व्हतो," ती म्हणाली. "भिंत आपली आपणच पडली. कुणी चढलं नव्हतं. चढायला ती उभी कुठं ऱ्हात व्हती? खिळा मारला तर वाळू गळायची."

काकासाहेबांचा चेहरा लाल झाला. नात रडते आहे, ही पोर असं बोलते आहे, आणि दाराशी ती ठेंगणी बाई शांत उभी आहे. तिच्याकडं बोट करून ते म्हणाले, "साहेब, या पोरींच्या शब्दाला काही अर्थ नाही. ही बाई वर्गात खोटं बोलायला शिकवते. घरोघरची खोटी गोळा करायला लावते. हेडमास्तरांना विचारा. माझी स्वतःची नात साक्षीला आहे."

हेडमास्तरांनी मान खाली घातली, पण नाही म्हटलं नाही.

"खरं आहे का हे?" साहेबांनी बाईंना विचारलं.

"खरं आहे," अनसूयाबाई म्हणाल्या.

"तुम्ही मुलींना खोटं शिकवता?"

"कुठलं बोलायचं आणि कुठलं नाही, ते शिकवते."

"आणि शिक्षकानं असं शिकवावं असं तुम्हाला वाटतं?"

बाईंनी नेहमीप्रमाणं आवाज खाली आणला. ऐकायला सगळ्यांना गप्प व्हावं लागलं.

"साहेब, पोलीस ॲक्शनच्या आधी रझाकार माझ्या भावाला शोधत आमच्या गल्लीत आले होते. माझं माहेर आणि सासर एकाच गल्लीत. भाऊ स्टेट काँग्रेसच्या कामात होता. तो शेजारी मेहरुन्निसा आपांच्या माजघरात बसला होता. आपा दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, इथं कुणी परका नाही, कुराणाची शपथ. नंतर ॲक्शन झालं आणि दिवस उलटले. काठ्या घेतलेली माणसं आपांच्या घरी आली, घर रिकामं बघून माझ्या दारात आली. आपा आणि त्यांच्या दोन मुली माझ्या स्वैपाकघरात होत्या. मी सांगितलं, आत माझ्या सासूला देवी आल्यात, यायचं असेल तर या. माझ्या सासूबाई वारून तेव्हा वर्षं झाली होती. ती माणसं निघून गेली. हे खोटं मी बोलले. आजही त्याचा मला पस्तावा नाही, उद्या वेळ आली तर पुन्हा बोलेन, आणि माझ्या वर्गातल्या मुलींनीही बोलावं. हवं तर लिहून घ्या."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"पण मला आठ दिवसांपूर्वी जे शिकवायला सांगितलं," बाई पुढं म्हणाल्या, "त्यात कुणाचा जीव वाचत नव्हता. ज्या बाईनं पोरीला भिंतीखालून काढलं, तिच्याच डोक्यावर ती भिंत टाकायची होती. ते मी शिकवणार नाही. शाळा बंद पडली तर पडो. मुलींना मी माझ्या ओसरीवर शिकवीन, पण हे नाही."

काकासाहेब काहीतरी बोलायला गेले, तेवढ्यात डिप्टीसाहेब उठले. ते पडक्या खोलीकडं गेले. मागोमाग सगळे गेले. साहेबांनी उभ्या राहिलेल्या भिंतीचा एक तुकडा हातानंच उचकटला आणि मुठीत दाबला. मूठ उघडली तर रेती सांडली. त्यांनी हात झटकला, चिमटा नीट लावला आणि सायकल काढली. त्यांना बाईंचं पटलं की नाही ते कुणाला कधी कळलं नाही.

अहवाल आला तो मात्र सरळ होता. भिंत निकृष्ट, दोष बांधकामाचा. संस्थेनं खोली पाडून नव्यानं बांधावी, तोवर ग्रँट थांबेल, बंद होणार नाही. शाळेला कुलूप लागलं नाही. बद्रीनाथरावांनी ज्याची भीती घातली होती, त्यातलं निम्मंही झालं नाही. काकासाहेबांनी मेहुण्याशी बोलणं टाकलं. चतुराबाई आपल्या कामावर राहिली. दगडाबाई एका सकाळी तिच्या दारात आली. तिनं आपली भरलेली घागर चतुराबाईच्या रांजणात ओतली आणि रिकामी घेऊन गेली. द्वारकाचा पाय जुळला. थोडी लंगडत राहिली ती, पण शाळेत परत आली आणि प्रमोदिनीच्या शेजारी बसायला लागली.

अनसूयाबाईंचा हिशेब मात्र व्हायचा होता. वर्ष संपताना हेडमास्तरांनी त्यांना पुन्हा खोलीत बोलावलं. या वेळी दार उघडंच होतं.

"माझा नाइलाज आहे," बद्रीनाथराव म्हणाले. "संस्थेला तुम्ही नको आहात. काढून टाकलं असं झालं तर तुमचं नाव खराब होईल, दुसरीकडं नोकरी मिळणं कठीण जाईल. त्यापेक्षा प्रकृतीच्या कारणानं राजीनामा द्या. मी चांगला दाखला देतो. यात कुणाचंच काही बिघडत नाही." ते हे मनापासून सांगत होते. त्यांना खरंच बाईंचं भलं करायचं होतं.

"माझी प्रकृती ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या.

"अहो, म्हणायचं फक्त."

"हे खोटं माझ्या डोक्यावर पडतंय, मास्तर. घ्यायचं की नाही ते मीच ठरवणार ना? मला नाही घ्यायचं. काढून टाका. आणि का काढलं ते लिहा."

संस्थेनं लिहिलं, 'वर्तन शाळेच्या शिस्तीस बाधक.' तो कागद बाईंनी घडी करून पिशवीत ठेवला. मुलींना फाटकाशी भेटून त्या निघाल्या तेव्हा चतुराबाईनं त्यांचा डबा आपल्या हातात घेतला आणि रोज पोरींना पोचवायची तशी त्यांना घरापर्यंत पोचवून आली.

घरी त्या आठवड्यात सगळं सुनंसुनं होतं. अनंतराव कचेरीतून यायचे, पान जुळवायचे. बाईंना वाटत होतं, आता हे म्हणतील, मी सांगितलं होतं. एका संध्याकाळी ते नेहमीपेक्षा उशिरा आले. चपला काढता काढता म्हणाले, "खुलताबादला मुलींच्या शाळेत जागा आहे. सकाळची बस धरली तर शाळेच्या वेळेला पोचता येतं. मी अड्ड्यावर जाऊन विचारून आलो. घाट आहे, तुला बस लागेल, लिंबू ठेवत जा बरोबर."

बाईंनी त्यांच्याकडं बघितलं. अनंतराव हातपाय धुवायला निघून गेले.

खुलताबादच्या शाळा कमिटीवर पुंजाराम नावाचे शेतकरी होते. त्यांनी दाखला मागितला. बाईंनी तो शिस्तीचा कागद पुढं केला आणि त्यामागची हकीकत पहिल्यापासून सांगितली, देवीच्या आजाराच्या खोट्यासकट. पुंजारामांनी कागद हातात घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनी तो नुसता उलटसुलट केला. शेवटी म्हणाले, "पहिली ते तिसरी, अन् बाई एकच लागती. तीन वर्ग तुमच्या एकटीच्या गळ्यात पडतील. जमंल का?"

"जमेल," बाई म्हणाल्या.

त्या तिथं निवृत्त होईपर्यंत राहिल्या. सुरुवातीला गावात कुरबुर झालीच. पहिल्याच पावसाळ्यात एक बाप तावातावानं वर्गात शिरला. त्याच्या लेकीनं घरी आलेल्या पाहुण्यांसमोर विचारलं होतं, "बापू, ही थाप कुणाच्या डोक्यावर पडती?" भर बैठकीत त्याची बेइज्जती झाली होती. तो दारातूनच बोलायला लागला. असलं शिक्षण आम्हाला नको, पोरींना वर बोलायला शिकवता, मी कमिटीकडं जाईन, वरपर्यंत जाईन.

अनसूयाबाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग मुलींना सरकायला सांगून पहिल्या ओळीत जागा केली.

"धडा निम्म्यावर आलाय," त्या म्हणाल्या. "बसा. संपला की बोलू."

तो उभा राहिला, इकडंतिकडं बघितलं. तिन्ही वर्गांच्या मुली त्याच्याकडं बघत होत्या आणि त्याची लेक त्यांतच होती. त्यानं पटका काढून मांडीवर ठेवला आणि तो लेकीशेजारी बस्करावर बसला. बाईंनी खडू उचलला.